आठ वर्षांच्या यूएस शिफ्टनंतर सकाळी उठायला शिकताना

हे लिहायचं कारण एवढंच की मागच्या ऑक्टोबरमध्ये मी रात्री अडीच वाजता मोबाइलवर नाइट शिफ्ट सुटल्यावर झोप कशी नीट करायची असं मराठीत शोधत बसले होते, आणि जे सापडलं ते सगळं पहाटे पाचला उठा, कोमट पाणी प्या, सूर्याला नमस्कार करा या छापाचं. अहो पण मला झोपच पहाटे चारला लागते, मी पाचला उठून कोणाला नमस्कार करू? तेव्हाच ठरवलं की यातून सुटलोच तर तारखा, पैसे, चुका सगळं लिहून ठेवायचं. मी डॉक्टर नाही, हे माझ्यापुरतं आहे.

तर मी हिंजवडी फेज टूला एका आयटी कंपनीत, सपोर्टच्या प्रोजेक्टवर. २०१७ पासून यूएस शिफ्ट. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की साडेसात ते साडेचार, मार्चमध्ये परत साडेसहा. म्हणजे कोथरूडमधल्या बाईने कधी जेवायचं, कधी झोपायचं हे आठ वर्षं अमेरिकेतल्या कायद्याने ठरवलं, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला रात्र आवडायची. दिवसा दीड तास लागतो तो रस्ता पहाटे चांदणी चौकातून पंचवीस मिनिटांत, कॅबमध्ये काकांची जुनी गाणी, कधीतरी टीममधले दोघंतिघं मिळून नळ स्टॉपला पोहे. घरी आले की सगळे झोपलेले, कोणी काही मागत नाही. पाचला आडवी, बाराला उठायचं. मुलगा शाळेत गेलेला, त्याचा डबा आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) केलेला. रविवारीसुद्धा मी दुपारीच उगवायचे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. मग एप्रिलमध्ये एका दुपारी बारा-साडेबाराला मुलाला शाळेतून आणायला अॅक्टिव्हावर निघाले होते, पौड फाट्याच्या सिग्नलला थांबले, आणि मागून एकदम हॉर्नचा कल्ला. पुण्यात सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न वाजतात त्यामुळे आधी मी वैतागूनच मागे बघितलं, तर दिवा हिरवा होऊन पुन्हा पिवळा व्हायला आलेला. मी दोन्ही पाय जमिनीवर टेकून, गाडी चालू ठेवून, भर उन्हात झोपले होते. किती वेळ ते माहीत नाही. मागचा रिक्षावाला पुढे येऊन म्हणाला, ताई, बरं वाटत नाहीये का? त्याच्या आवाजात चिडचिड असती तर बरं झालं असतं. मी हो म्हणलं आणि गाडी कडेला घेऊन दहा मिनिटं तशीच बसून राहिले.

५ मेला पोर्टलवर शिफ्ट बदलायची रिक्वेस्ट टाकली. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी हा भाग जरा लक्ष देऊन. आमच्या पोर्टलवर कारणाचा एक ड्रॉपडाउन आहे आणि त्यात मी भाबडेपणाने 'अदर' निवडलं, खाली दोन ओळींत खरं कारण लिहिलं. 'अदर'वाली तिकिटं कोणी उघडतच नाही हे मला तीन आठवड्यांनी कळलं, जेव्हा तिकीट आपोआप क्लोज झाल्याचं मेल आलं. दुसऱ्यांदा 'मेडिकल' निवडलं, तर सपोर्टिंग डॉक्युमेंट नाही म्हणून परत. फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली, हेल्थ चेकअपचा रिपोर्ट ड्रॉवरमधून काढून जोडला, तिसऱ्यांदा टाकलं. मग मॅनेजर. तो माणूस वाईट नाही, पण रात्रीच्या टीममधली जुनी बाई सोडायची म्हणजे त्याच्या पोटात गोळा. आधी म्हणाला क्वार्टर संपू दे, मग म्हणाला रिप्लेसमेंट आण. शेवटी दिवसाच्या टीममधला एक मुलगाच सापडला ज्याला नाइट अलाउन्स हवा होता, नवीन फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला बिचाऱ्याचा. अदलाबदल म्हणल्यावर सगळे खूष. १४ ऑगस्टला अप्रूव्हल आलं, १ सप्टेंबरपासून सकाळी आठ ते पाच. महिना नऊ हजारांचा अलाउन्स गेला हे आधीच सांगते, कारण या निर्णयात तो सगळ्यात मोठा खर्च आहे आणि घरी बसून नीट हिशोब करूनच आम्ही हो म्हणलं. अजून एक, शिफ्टचं तिकीट आणि ट्रान्सपोर्टचं तिकीट वेगळं असतं. ते मी टाकलंच नाही, त्यामुळे पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी कॅबवाले काका खाली येऊन फोन करत होते, मॅडम या, थांबलोय.

१ सप्टेंबरला सोमवार आणि गौरीपूजन. म्हणजे नव्या शिफ्टच्या पहिल्याच दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी विसर्जन म्हणून परत सुट्टी. मॅनेजरने फक्त एक स्मायली पाठवला. ३ तारखेपासून सुरू झाले आणि मी ठरवलं की आता अर्धवट काही नाही, एका फटक्यात बदलायचं. साडेदहाला गादीवर, साडेपाचचा अलार्म, सहाला म्हातोबा टेकडी, आठला लॅपटॉप. आमच्या प्रोजेक्टला आठवड्यातून तीन दिवस घरून चालतं, ते एक बरं होतं.

काय झालं सांगते. साडेदहाला आडवी व्हायचे आणि छताकडे बघत तीन-साडेतीन. बाहेर मंडळाचे ढोल थांबलेले, घरात सगळे घोरतायत, आणि माझं डोकं असं लख्ख की आत्ता कोणी क्लायंट कॉल लावला असता तर मी चोख दिला असता. साडेपाचला अलार्म. टेकडीवर पाय ओढत जायचे, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी राहायचे, कारण सगळे म्हणतात सकाळचं ऊन घ्या. दुपारी दोनला स्क्रीनवरची अक्षरं हलायला लागायची, चहाचे पाच कप. शनिवार-रविवारी मेल्यासारखी एक वाजेपर्यंत झोप. तीन आठवडे हे केलं. आणि गंमत म्हणजे झोप लवकर यायच्या ऐवजी साडेतीनची चार झाली. मला वाटलं आपल्यातच इच्छाशक्ती नाही. हे का होत होतं ते पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हसावं का रडावं कळेना, ते येतंच आहे.

मधल्या काळात घरगुती उपाय सगळे झाले. आई रोज रात्री दुधात जायफळ उगाळून द्यायच्या, काशाच्या वाटीने तळपाय घासून द्यायच्या. वाटीने मात्र खरंच छान वाटायचं, तळवे काळेकुट्ट व्हायचे आणि आई म्हणायच्या बघ किती उष्णता निघाली. झोप नाही आली पण आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी रात्री अर्धा तास निवांत बोललो, त्याचं श्रेय वाटीला. मी आपल्या मनानेच मेलाटोनिनच्या (रात्र झाली की शरीर स्वतःच तयार करतं त्या हार्मोनच्या) गोळ्या ऑनलाइन मागवल्या, दहा मिलिग्रॅमच्या, आणि रात्री एकला घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं. हे असं करू नका.

२४ सप्टेंबरला परत फॅमिली डॉक्टर, ३०० रुपये. त्यांनी झोपेच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. मला वाटायचं झोपेचा डॉक्टर म्हणजे मानसोपचारवाले, पण या छातीच्या डॉक्टर होत्या, झोपेवर वेगळं शिकलेल्या. अपॉइंटमेंट बारा दिवसांनी, ६ ऑक्टोबर, फी १२००. मी गेले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, डायरी आणलीत? कसली डायरी? दोन आठवडे रोज कधी आडव्या झालात, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलात, चहा किती वाजता, दुपारी डुलकी काढली का. ती नसेल तर आज फार काही सांगता येणार नाही. म्हणजे बारा दिवस वाट बघितली त्यात ही डायरी आरामात झाली असती. तुम्ही जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेतल्या दिवसापासून साध्या वहीत लिहायला लागा, एक फेरी आणि हजार-बाराशे रुपये वाचतील. त्यांनी एक आठ प्रश्नांचा कागद भरून घेतला, बसून टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना वगैरे डोळा लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन मार्क. चोवीसपैकी दहाच्या वर म्हणजे जास्त. मला १५. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्क मिळाल्याचं वाईट वाटलं.

आणि त्या दिवशी होती कोजागिरी. डॉक्टरांनी सांगितलंय रात्रीचं जागरण बंद, आणि सोसायटीच्या गच्चीवर बारा वाजता मसाला दूध. को जागर्ति म्हणजे कोण जागं आहे असं लक्ष्मी विचारते म्हणे. मी म्हणलं मी आहे बाई, आठ वर्षं आहे, काय द्यायचंय ते दे एकदाचं.

डॉक्टरांनी घोरण्याचा, श्वास अडकण्याचा प्रश्न नाही ना हे बघायला घरच्या घरी होणारी स्लीप स्टडी सांगितली, ६५०० रुपये. कंपनीच्या पॉलिसीत ओपीडी नाही त्यामुळे खिशातून. ज्या सेंटरने ती करायची होती तिथला फोनवरचा मुलगा म्हणाला रात्री नऊला मशीन लावायला येतो, सकाळी सातला न्यायला. म्हणलं दादा, मी झोपते चारला, सातला नेलंत तर तीन तासांत काय कळणार? तो म्हणाला, मॅडम पेशंट रात्री झोपतो ना. म्हणलं मी नाही झोपत, तोच तर आजार आहे. मी सरांना विचारून सांगतो. असे तीन फोन. शेवटी १० ऑक्टोबरच्या शुक्रवारी रात्री लावायचं आणि शनिवारी दुपारी बाराला न्यायचं ठरलं, जास्तीचे ५०० घेऊन. छातीला पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला चिमटा. तो अवतार करून मी रात्री दोन वाजता फ्रीज उघडून उभी होते आणि मुलगा पाणी प्यायला उठला, तो किंचाळला आणि त्याच्या किंचाळण्याने सगळं घर जागं. रिपोर्ट १६ तारखेला आला. तासाला ३.२ वेळा श्वास अडतो, पाचच्या आत नॉर्मल. म्हणजे तो प्रश्न नाही. सुटकेचा श्वास सोडला, आणि मग जरा निराशाही झाली, कारण काहीतरी निघालं असतं तर त्याचं मशीन तरी मिळालं असतं.

पुढची अपॉइंटमेंट दिवाळीनंतर. २० ऑक्टोबरला नरक चतुर्दशी, पहाटेचं अभ्यंगस्नान. दरवर्षी मला उठवता उठवता आईंचा घसा बसतो. यंदा मी झोपलेच नव्हते, साडेचारला सगळ्यात आधी उटणं लावून तयार, सगळ्यांना हाका मीच मारत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या बघा, शिफ्ट बदलली तर किती फरक पडला. मी काही बोलले नाही.

२७ ऑक्टोबरला डॉक्टरांनी वही बघितली, आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या पानांवर पेनने रेघ मारली. म्हणाल्या, अलार्म नसतो तेव्हा तुम्ही पहाटे चार ते साडेअकरा-बारा झोपता, व्यवस्थित, सलग. म्हणजे तुमची झोप बिघडलेली नाही, फक्त चुकीच्या वेळेला लावलेली आहे. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मग टेकडीचं विचारलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं, की शरीराचं तापमान झोपेत खाली खाली जातं आणि आपण आपोआप उठतो त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सगळ्यात कमी असतं. ती वेळ म्हणजे उंबरठा. उंबरठ्याच्या अलीकडे डोळ्यावर लख्ख उजेड पडला तर आतलं घड्याळ समजतं संध्याकाळ लांबली, आणि झोप आणखी उशिरा ढकलतं. पलीकडे पडला तर समजतं सकाळ झाली, आणि झोप अलीकडे ओढतं. माझा उंबरठा सकाळी नवाच्या आसपास. आणि मी साडेसहाला टेकडीवर उगवत्या सूर्यासमोर उभी! म्हणजे तीन आठवडे मी रोज स्वतःच्या हाताने झोप उशिरा ढकलत होते, पाय दुखेपर्यंत चढून.

आणखी एक म्हणाल्या की हे घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा थोडं जास्तच असतं, म्हणून सोडून दिलं तर ते उशिराकडेच घसरतं. रात्री जागणं जमायला काही शिकावं लागत नाही, अलीकडे यायला मात्र रोज थोडं ओढावं लागतं. घड्याळ असं शब्दशः आहे म्हणे, मेंदूत तर आहेच पण पेशीपेशीत चालतं, ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. २०१७! म्हणजे तिकडे त्यांना नोबेल मिळत होतं आणि इकडे मी त्याच वर्षी नाइट शिफ्टच्या फॉर्मवर सही करत होते.

प्लॅन दिला तो असा. झोपायची वेळ ठरवायची नाही, ती आपल्या हातात नसते, उठायची वेळ ठरवायची. सुरुवात अकराला. उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर उजेडात. मी विचारलं तो परदेशात मिळतो तसा दिवा घेऊ का, तर म्हणाल्या पुण्यात? गच्चीवर जा. घरात ट्यूबचा उजेड शंभर-दोनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो आणि बाहेर उघड्यावर दिवसा दहा हजारांच्या पुढे, तेही फुकट. दर दोन दिवसांनी उठणं अर्धा तास अलीकडे. संध्याकाळनंतर उजेड कमी. चहा दुपारी दोननंतर बंद, कारण त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. आणि मेलाटोनिन दिलं, पण अगदी छोटा डोस आणि झोपायच्या वेळी नाही तर त्याच्या कितीतरी तास आधी, तेवीस दिवसांपुरतं. ही झोपेची गोळी नाही, घड्याळाला दिलेली सूचना आहे, त्यामुळे वेळ चुकली की उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. डोस आणि वेळ मी मुद्दाम लिहीत नाहीये, ती ज्याची त्याची वेगळी.

अडचण एकच, अकराला उठायचं तर आठची शिफ्ट कशी करणार? म्हणून परत एचआर. दोन आठवडे उशिरा लॉगिनसाठी डॉक्टरांचं पत्र दिलं, ते परत आलं, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नाही म्हणून. परत जाऊन शिक्का मारून आणलं, या फेरीचे पैसे नाही घेतले त्यांनी. मग मॅनेजरशी बोलले. मी सरळ सांगितलं की दोन आठवडे साडेअकरा ते साडेआठ, घरून, त्यानंतर कधीच काही मागणार नाही. तो हो म्हणाला. असं वाटतं की आधीच्या तीन तिकिटांत जे दोन महिने गेले त्यापेक्षा हे पाच मिनिटांचं बोलणं जास्त कामाचं होतं, पण तेव्हा माझ्याकडे सांगायला नेमकं काही नव्हतं, आता कागदावर तारखा होत्या.

१ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी अकरा. गच्चीवर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. वरच्या मजल्यावरचे काका पापड... नाही, वाळवणाचे दिवस नव्हेत ते, गाद्या वाळत घालायला आले आणि मी तिथे नुसती बसलेली बघून परत गेले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली, जुन्या ग्रुपवर सगळ्यांच्या शिव्या सुरू झाल्या, मी पहिल्यांदाच लांबून वाचल्या. ३ तारखेला साडेदहा. ५ ला दहा. ७ ला साडेनऊ. इथपर्यंत सोपं. त्याच सुमाराला जवळच्या देवळातली काकड आरती संपली होती, नाहीतर पहाटे झोप लागता लागता तीच ऐकू यायची.

९ वाजता उठायचं आलं तिथे गाडं अडलं. रात्री एक-दीडला झोप यायला हवी ती येईना. नियम असा की वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर गादीवर लोळायचं नाही, उठायचं, मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करायचं, मोबाइल नाही, डोळे जड झाले की परत. कंटाळवाणं काय करू म्हणून स्वयंपाकघरात गेले, ओट्याखालचा बारीक पिवळा दिवा लावला आणि लसणाची टोपली ओढली. गावरान लसूण, बारीक पाकळ्या, साल नखाला चिकटते. एक एक पाकळी टोकाला चिमटून, साल उलटी ओढून डब्यात. दहा मिनिटांत बोटं चिकट, डोळ्यातून पाणी, आणि साधारण दीड गड्डा झाला की मान खाली जायची. यापेक्षा चांगलं झोपेचं औषध मी बघितलेलं नाही. सकाळी आई डबा उघडून बघायच्या. मी काही न सांगता त्यांना कळायचं. आज चार गड्डे? अगं किती वाजले होते! एक दिवस डबा अर्धाच होता तर म्हणाल्या, सुधारलीस.

घरातल्या उजेडावरून मात्र आमची थोडी जुंपली. मला आठनंतर ट्यूब बंद हव्या, आणि आईंची मालिका साडेआठची, अंधारात टीव्ही बघितला तर डोळे जातात हे त्यांचं ठाम मत. नवरा दोन्हीकडून होला हो. तोडगा म्हणून हॉलमध्ये जुना टेबल लॅम्प आणला, १८० रुपयांचा पिवळा बल्ब टाकून. आईंना तो आवडला, तुळशीबागेतल्या दुकानासारखं वाटतं म्हणाल्या. जेवण दहाचं आठवर आणलं, आणि हे सगळ्या घराला सोसावं लागलं, ते मी एकटीने केलं असं म्हणणं खोटं ठरेल.

१५ ला साडेसात, १७ ला सात, १९ नोव्हेंबरला, बुधवारी, साडेसहा. त्या आठवड्यात आठचं लॉगिन परत सुरू झालं होतं. अलार्मच्या आधी पाच मिनिटं जाग आली आणि मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मुलाला बसपर्यंत सोडायला गेले, सात दहाची बस. तो म्हणाला तू कशाला, आजी येते ना. आठवडाभराने त्याला सवय झाली.

सरळ रेघ नाही हां ही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याला नणंदेच्या मुलीचं लग्न, हळद, संगीत, गप्पा, तीन रात्री दोन वाजले. चौथ्या दिवशी पुण्यात येऊन दहापर्यंत झोपले आणि लगेच रात्री परत अडीच. महिनाभराची मेहनत तीन दिवसांत जाते, हे काही कोणी सांगत नाही. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या रात्री कितीही वाजू देत, उठणं तासाभरापेक्षा जास्त उशिरा नको, दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं डुलकी चालेल. परत रुळावर यायला सहा दिवस लागले आणि पावशेर लसूण. दुसरी अडचण थंडीची. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सात-सव्वासातला उगवतो, साडेसहाला बाहेर काळोख. मग मी साडेसहाला उठून घरातले सगळे दिवे लावते, मुलाचं आवरते, त्याला सोडून परस्पर गच्चीवर. साडेपाचला उठायचा नाद सोडून दिला. टेकडीवरचे पहाटेचे लोक मला अजूनही वेगळ्या जातीचे प्राणी वाटतात.

खर्च एकत्र सांगायचा तर डॉक्टर, स्टडी, गोळ्या, बल्ब धरून साधारण साडेनऊ हजार, आणि ऑफिसला जायच्या दोन दिवसांचा कंपनीच्या बसचा महिना वेगळा. अलाउन्सचे नऊ हजार दरमहा जातात ते जातातच. हिंजवडीचा दिवसाचा ट्रॅफिक हाही एक खर्चच, आठची शिफ्ट निवडली म्हणून निदान जाताना तरी रस्ता मोकळा. एचबीएवनसी पुढच्या महिन्यात परत करायचं आहे, त्याबद्दल आत्ता काही बोलत नाही. दुपारी दोनला अजूनही कधीकधी जडपणा येतो. तो आठ प्रश्नांचा कागद मी संक्रांतीच्या आधी परत भरला, १५ चे ७ झाले.

आणि रात्र आठवते. खोटं कशाला बोलू. मागच्या शुक्रवारी साडेदहाला दिवा मालवताना खालून कुठलीतरी कॅब गेली, हॉर्न न वाजवता, हळू, रात्रीच्या कॅब जातात तशी, आणि एकदम चांदणी चौक, काकांची गाणी, पोह्यांवरची शेव सगळं डोळ्यासमोर आलं. मग झोप लागली.

रविवारी थालीपीठाचा बेत होता. आईंनी डबा उघडला तर तळाशी चार पाकळ्या, सुकलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता तू झोपायला लागलीस, लसूण कोणी सोलायचा? सध्या साडेआठच्या मालिकेसमोर, पिवळ्या बल्बखाली, नवरा बसतो सोलत. अर्धी सालं तशीच राहतात.